नऊ नंबरचा दगड

आमच्या शेजारचे पगारे सर नमस्कार करण्याआधी समोरच्याच्या बोटांकडे बघायचे. अंगठी दिसली की हात पकडलाच! खिशातून दगडाचे तुकडे निघायचे आणि भर रस्त्यात खड्याची परीक्षा सुरू व्हायची. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीतल्या निम्म्या बायका सर दिसले की हात पदराखाली घ्यायच्या. त्यांत मी पहिली.

सर शाळेत भूगोल शिकवायचे, पण जीव अडकलेला कुरुंदात. "वहिनी, माणिक म्हणजे लाल कुरुंद, नीलम म्हणजे निळा कुरुंद. सख्खी भावंडं! कठीणपणात नऊ नंबर. वर फक्त हिरा." हे मी भाजी निवडताना ऐकलंय, दूध तापवताना ऐकलंय, अंगात ताप असतानाही ऐकलंय. माणसांनाही ते नंबर द्यायचे. हेडमास्तर तीन. एकलहऱ्याच्या पॉवर हाउसमधून शिफ्ट करून येणारे आमचे हे पाच. मला सात दिला होता. मी भांडले, तेव्हा साडेसात केला.

माझ्या भावानं दिलेल्या नीलमवर त्यांनी टर्रकन ओरखडा काढला, "काच!" म्हणाले आणि वर चहा मागितला. काय बोलणार अशा माणसाला! भावाशी मात्र अजून माझं धड बोलणं नाही.

सरांची बायको लवकर गेली. लेकीला, मंदाला, त्यांनी एकट्यानं वाढवलं. तिचं नांदगावला जमलं, मुलगा तिला मनापासून आवडलेला. साखरपुड्याच्या सकाळी मी सरांचे खिसे रिकामे केले. "आज कुणाच्या अंगठीला हात लावाल तर याद राखा. पोरीचं लग्न मोडेल!"

"नाही हो वहिनी," सर गरीब चेहरा करून म्हणाले.

त्रिशरण-पंचशील झालं. विहीणबाईंनी मंदाला घालायला स्वतःच्या बोटातली लाल खड्याची अंगठी काढली आणि घुटमळल्या. "आमच्या ह्यांनी घेतली व्हती मला. आता ते नाय. जाऊबाई म्हनत्यात काचच हाय. खरं-खोटं मला नाय ठाऊक, पन माझ्याकडं हेच हाय." शेजारी बसलेली जाऊ पदरात हसली.

सरांचा हात पुढे झाला. मी डोळे वटारले, खाकरले, पण ते बघतील तर शपथ. त्यांनी अंगठी घेतली आणि सरळ आपल्या घड्याळाच्या काचेवर ओढली. पांढरी रेघ उठली.

"बघा! नऊ नंबर! अस्सल माणिक, ताई!"

जाऊबाईंचं तोंड एवढंसं झालं. विहीणबाई रडल्या, हसल्या आणि मंदाला त्यांनी पोटाशी धरलं ते सोडेचनात. हुश्श! मी तिथंच भिंतीला टेकले.

पाहुणे गेल्यावर मी सरांना गाठलं. "काच तर साधी गारगोटीही ओरखडते. तुम्हीच कानीकपाळी ओरडलात ना? मग हे माणिक कशावरून?"

"कशावरूनच नाही," सर म्हणाले.

"आणि रेघ उठलीच नसती तर?"

"तर घड्याळाची काच फार भारी आहे म्हणालो असतो."

मला हसू आवरेना. सर हसले नाहीत. ते कपबश्या विसळायला बसले. हे काम रोज मंदाचं.

"तिथं सगळीच परकी माणसं, वहिनी," ते खाली मान घालून म्हणाले. "माझ्या पोरीच्या बाजूनं एक तरी बाई असावी म्हटलं. आई नाही ना तिला."