आधी कडा जुळवा, मग उत्तर द्या

नानांनी उभ्या आयुष्यात एकच इंटरव्ह्यू दिला होता. रंगाच्या कंपनीतल्या मॅनेजरने कागदातून डोकं वर न काढता विचारलं होतं, "उद्यापासून येता का?" आणि नाना म्हणाले होते, "येतो." (एवढ्या भांडवलावर माणूस केस पिकेपर्यंत बिलं करत बसू शकतो, हे हल्लीच्या पोरांना सांगून पटत नाही.)

पण कंपनीने शाखेला कुलूप ठोकलं आणि पन्नाशीला टेकलेले नाना घरी बसले. नव्या ठिकाणी पहिल्याच इंटरव्ह्यूत "स्वतःबद्दल थोडं सांगा" म्हटल्याबरोबर त्यांनी नाव सांगितलं आणि थांबले. पुढचं काही आठवेचना. समोरच्यांनी पाणी दिलं. नाना ते प्यायले, आभार मानले आणि निघून आले.

"म्हणजे पाणी पिऊन आलात!" बायको म्हणाली. ती शाळेत शिक्षिका, त्यामुळे उत्तर न येणाऱ्यांची तिला सवय होती. "उद्यापासून रोज संध्याकाळी घरीच इंटरव्ह्यू. मी प्रश्न विचारीन. भीती मोडली पाहिजे एकदाची."

नाना "बरं" म्हणाले. झालं, तिथेच फसले!

दुसऱ्या दिवशी नाना टाय लावून आतल्या खोलीत गेले. पलंगावर दोरीवरून काढलेल्या कपड्यांचा ढीग होता. पलीकडे बायको, आणि तिच्या शेजारी चष्मा पुसत नानांची आई.

"आई, तू कशाला?"

"पॅनेल असतं म्हणे. बस तू, नान्या."

"अहो उमेदवार, हात कशाला रिकामे ठेवलेत?" बायको म्हणाली. "रिकामे हात थरथरतात. ती चादर घ्या. कडा जुळवा, आणि सांगा, तुम्हालाच का घ्यावं आम्ही?"

नानांनी चादर घेतली. पहिले काही दिवस उत्तर बरोबर आलं की चादर वाकडी व्हायची आणि चादर सरळ झाली की उत्तर वाकडं. पण हळूहळू हाताला वळण लागलं, तसं जिभेलाही लागलं. उशांच्या अभ्र्यांची घडी करता करता नाना स्वतःच्या जबाबदारीच्या जाणिवेबद्दल असं काही बोलायचे, की आई मान डोलवायची. मोज्यांच्या जोड्या लावताना तर त्यांची वाणी नुसती धो धो वाहायची.

अडायचं ते एकाच प्रश्नाला. "तुमचा कमकुवतपणा सांगा." नानांनी तोंड उघडायच्या आत पॅनेलच उत्तर द्यायचं.

"विसराळू," बायको म्हणायची.

"लहानपणापासून," आई म्हणायची. "आणि आळशी. आणि कोणी काही म्हटलं की लगेच हो."

एकदा आभाळ भरून आलं, कपडे वाळले नाहीत. त्या दिवशी इंटरव्ह्यू रद्द झाला. (बायकोला ढगाळ हवेत उत्साह वाटत नाही, अशी नानांनी स्वतःची समजूत घातली. भला माणूस!)

आणि मग एका नव्या हॉटेलातून बोलावणं आलं. हिशेबनीस हवा होता. निघताना बायकोने टाय नीट केला. नेहमी करडी असणारी ती बाई हळूच म्हणाली, "नाही झालं तरी घरी या हं. पाणी आपल्याकडेही आहे." ही नोकरी मिळालीच पाहिजे, असं त्यांना त्या क्षणी जितकं वाटलं तितकं कधीच वाटलं नव्हतं.

इंटरव्ह्यू हॉटेलच्या जेवणाच्या रिकाम्या दालनात होता. काचेचं टेबल. पलीकडे चष्मेवाल्या मॅनेजरबाई आणि किडकिडीत मालक.

"स्वतःबद्दल थोडं सांगा," बाई म्हणाल्या.

नानांनी नाव सांगितलं आणि थांबले. हात मांडीवर पडलेले, रिकामे, जसे काही दुसऱ्याचेच. मालकांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. संपलं! नानांना घाम फुटला, आणि तेवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यातल्या ट्रॉलीवर गेली. लॉन्ड्रीतून आलेल्या पांढऱ्याशुभ्र नॅपकिन्सचा ढीग!

"ते जरा इकडे घेऊ का?"

"घ्या," बाई म्हणाल्या. (दुसरं काय म्हणणार? माणूस रडायच्या बेतात होता.)

पहिला नॅपकिन हातात आला आणि नाना सुटले. जुनी कंपनी, न चुकलेली बिलं, चुकलेली बिलं, ती कशी शोधून काढली, चिडलेल्या गिऱ्हाइकाला आधी बसायला खुर्ची का द्यावी, सगळं एका लयीत आलं. घड्यांचा मनोरा चढत गेला. मालकांच्या हातात नॅपकिन कधी आला, ते मालकांनाही कळलं नाही.

"अहं! आधी कडा जुळवा," नाना बोलून गेले, अगदी बायकोच्या सुरात.

मालकांनी नॅपकिन उलगडला, कडा जुळवल्या आणि मुकाट्याने परत घडी घातली.

"तुमचा कमकुवतपणा काय?" बाईंनी विचारलं.

नाना सवयीने वाट बघत राहिले.

"सांगा ना."

"मी? आमच्याकडे याचं उत्तर पॅनेल देतं."

मग विचारल्यावर सगळी हकीकत सांगावी लागली. चादरी, मोजे, आई, सगळं. मालक इतके हसले की त्यांनी चौथी घडी घालायला घेतलेल्या नॅपकिननेच डोळे पुसले. बाई म्हणाल्या, "तोंड चालू असताना ज्याचे हातही चालू असतात, असा उमेदवार मी आजवर पाहिला नाही. सोमवारपासून या."

"येतो," नाना म्हणाले. हे उत्तर पाठच होतं.

घरी आले ते छाती काढून. बायकोने बातमी ऐकली आणि पदर डोळ्यांना लावला. आईने दृष्ट काढायच्या ऐवजी टाय काढला, कारण तो येताना वाटेत पार उलटा झाला होता. नानांना मात्र आपण जग जिंकल्यासारखं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर जिंकलंच होतं.

संध्याकाळी बायकोने आतून हाक मारली. पलंगावर ढीग, पलीकडे पॅनेल.

"अगं, आता कशाला? नोकरी मिळाली की!"

"पुढे प्रमोशनचा इंटरव्ह्यू नसतो का?"

हे काही नानांच्या डोक्यातच आलं नव्हतं. किती पुढचा विचार करते ही! त्यांनी कौतुकाने बायकोकडे पाहिलं, पलंगावर बसले आणि चादर ओढली.

"हं, सांगा. तुमचा कमकुवतपणा?"

नाना सवयीने थांबले.

"याच्या अजून लक्षात येत नाही," आई म्हणाली.

"काय?" नानांनी मोज्याची जोडी शोधत विचारलं.