तोंडात पाणी, पाठीवर वाळू

सकाळी साडेपाच ते सात या वेळात आमचे शेजारी रघुनाथ देवरे कोणाशीही बोलत नसत. गर्व नव्हता, मौनव्रतही नव्हतं. त्यांच्या तोंडात पाणी असे. घरून निघताना ते तांब्यातून एक मोठा घोट घेत, गाल फुगवत, पाठीवर वाळूचं पोतं चढवत आणि तापीच्या पुलाकडे चालू लागत. पूल ओलांडून रांदेरला जायचं, परत यायचं आणि तो घोट आमच्या चाळीच्या मोरीत जसाच्या तसा थुंकायचा. घोट शाबूत आला तर व्यायाम झाला. वाटेत गिळला गेला तर दिवस वाया.

यामागचं शास्त्र त्यांनी मला एकदा सात वाजून गेल्यावर समजावलं. "नाना, डोंगर पायांनी चढत नाहीत, छातीनं चढतात. आणि छाती धावून तयार होत नाही. तोंड बंद ठेवायचं, नाकानं श्वास पुरेल तेवढंच चालायचं. धाप लागली की तो व्यायाम नाही, ती घाई."

"पण डोंगर कुठला?"

"हिमालय," देवरे म्हणाले आणि आत गेले.

मी हिशेबतपासणी खात्यातला माणूस. जमेची बाजू पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. सुरत हे समुद्राच्या पातळीला चिकटलेलं गाव. इथला सगळ्यात मोठा चढ म्हणजे पुलाचा चढ, आणि तो दूधवाला भय्या सायकलवरून न उतरता चढतो. देवरे पाटबंधारे खात्यात कारकून. घरी बायको, दोन मुली, म्हातारी आई. सगळी रजा मुलींच्या गोवरात आणि कांजिण्यांत संपलेली. हा माणूस हिमालयात जाणार हे ऐकून मी तोंडावर हसलो नाही, एवढाच माझा सभ्यपणा.

व्यायामाला वेगळा वेळ नसल्यामुळे त्यांनी सगळा संसारच व्यायामात घातला होता. धाकटी मुलगी शाळेत खांद्यावरून जाई. कचेरीत तिसऱ्या मजल्यावर फाईल न्यायची असली की देवरे स्वतः नेत. शिपाई खूश, साहेब हैराण. एकेक फाईल वेगळी नेत, हे त्याचं कारण. वहिनींनी तर आशाच सोडली होती. माझ्या बायकोला त्या म्हणाल्या, "मिठाची पुडी आणायला पाठवलं तर हे उधन्याला वळसा घालून येतात. आमटी आमची अळणी, आणि मीठ निघालंय हिमालयात!"

दारात बसलेली त्यांची आई हे ऐकून तोंडाला पदर लावून हसे. "मना रघू याडा व्हई गया," ती म्हणे. म्हातारी बागलाणातली, साल्हेर किल्ल्याच्या पायथ्याची. अहिराणीशिवाय दुसरं काही बोलायची नाही, आणि साल्हेरशिवाय दुसरं काही सांगायची नाही. लहानपणी ती त्या किल्ल्यावर बकऱ्या चारायची. लग्न झालं ते डोंगराकडे पाठ फिरवून, मग वर जाणं झालंच नाही. सुरतेच्या उकाड्यात पदरानं वारा घेत ती रोज एकदा म्हणायचीच, "सालेरवर वारा शे, तसा आठे नही." तिथला वारा इथे नाही, एवढीच तिची तक्रार. आता तर तिला मोरीपर्यंत जायलाही कोणाचा तरी हात लागे.

देवरेंची खरी कीर्ती झाली ती पोलीस चौकीत. गुजरातेत दारूबंदी. पहाटेच्या अंधारात एक इसम पाठीवर पोतं घेऊन पुलावरून चाललाय, गाल फुगलेले आहेत, आणि नाव विचारलं तर नुसतं "हूं हूं" करतोय. नव्यानं बदलून आलेल्या हवालदारानं काय समजायचं? त्यानं त्यांना धरून चौकीत नेलं. ओळख पटवायला मला बोलावणं आलं.

मी गेलो तेव्हा पोत्यातली वाळू टेबलावर पसरलेली होती आणि हवालदार ती चाळत होता. देवरे बाकावर ताठ बसले होते. घोट अजून तोंडात.

"मोढामां शुं छे?" हवालदारानं मला विचारलं.

"पाणी आहे."

"तो थूंकी नाख!"

देवरेंनी जोरात मान हलवली. मी म्हटलं, "अहो, थुंका. नोकरी जाईल." पुन्हा मान हलली. शेवटी हवालदारानं काचेचा पेला पुढे केला आणि हातातली काठी टेबलावर आपटली. तेव्हा कुठे देवरेंनी घोट त्या पेल्यात सोडला. हवालदारानं पेला हुंगला, उजेडाला धरला, पुन्हा हुंगला. त्याच्या चेहऱ्यावरची निराशा मला अजून आठवते.

बाहेर आल्यावर देवरे मला म्हणाले, "तुमच्यामुळे आजचा दिवस गेला, नाना."

आता वाळूचं सांगतो. कारण माझं आणि त्यांचं खरं भांडण वाळूवरून झालं. दर महिन्याला देवरे पोत्यातली थोडी वाळू काढून अंगणातल्या कडुलिंबाखाली टाकत. तिथे ढीग साचला. पोरं त्यात लोळत आणि तसल्याच पायांनी आमच्या घरात शिरत. चाळीची व्यवस्था माझ्याकडे होती, म्हणून मी तक्रार केली. पण वाळूपेक्षा मला तो उलटा हिशेब खुपत होता. तालमीतला पोरगासुद्धा वजन वाढवत नेतो. हे गृहस्थ उतरवत चालले होते.

सगळ्यांच्या देखत मी एकदा म्हणालो, "देवरे, असंच चालू ठेवा. हिमालय येईल तेव्हा पोतं रिकामं असेल."

चाळ हसली. देवरे हसले नाहीत. म्हणाले, "म्हणून तर थोडी घाई करावी लागेल, नाना." घाई हा शब्द त्यांच्या तोंडून नवाच होता. मी त्यावर विचार केला नाही.

पुढच्या रविवारी मी सरपण आणायला ठाकोरभाईंच्या वखारीत गेलो. लाकडं तोलायचा मोठा काटा दाराशीच होता. त्याच्या फळीवर देवरेंची आई मांडी घालून बसली होती, हात जोडून, देवळात बसावी तशी. ठाकोरभाई दुसऱ्या बाजूला वजनं चढवत होते. "मासी, हालशो नहीं," ते म्हणत होते, आणि म्हातारी श्वास धरून बसली होती. एक वजन ठेवलं, काढलं, त्याहून लहान ठेवलं. काटा थांबला. बाजूला देवरेंचं पोतं पडलं होतं. देवरेंनी वजनं मोजली आणि पोत्यातून दोन ओंजळी वाळू काढली.

मग मला पाहिलं. आईला उतरवून बाकावर बसवलं आणि मला कोपऱ्यात घेतलं.

"तिला सांगितलंय की डॉक्टरनं वजन मागितलंय. साल्हेरचं बोलू नका. कळलं तर नाही म्हणेल. पोराच्या पाठीवर बसून गेले तर लोक काय म्हणतील, म्हणेल. आणि आधीच आशा लावली न् माझाच दम अर्ध्यात तुटला, तर?"

"आणि हिमालय?"

"चाळीला सांगायला काहीतरी मोठं नको का? साल्हेर म्हटलं असतं तर तुम्ही प्रश्न विचारत बसला असता."

हे खरं होतं. ढिगाबद्दलची तक्रार मी त्यानंतर केली नाही.

थंडीत आम्ही तिघं गेलो. एस.टी.नं ताहराबाद, पुढे बैलगाडी. पायथ्याशी देवरेंनी पाठीवर बांधायचा ताडपत्रीचा झोळा उघडला, तेव्हा म्हातारीला कळलं. ती रडली, चिडली, सगळ्या गावासमोर त्यांना याडा म्हणाली, आणि बसली. देवरेंनी तोंडात पाणी घेतलं. मी मागून चाललो. दुसऱ्या वळणावरच मला धाप लागली.

म्हातारी मात्र बोलत सुटली. इथे बकरी पडली होती, इथे साप निघाला होता, या टाक्याचं पाणी गोड. देवरे "हूं हूं" करत होते. पहिल्या दरवाज्याशी ती त्यांच्या कानाशी वाकली. मग हळूच म्हणाली, "बोलस का नही रे, रघू? जड व्हयनी का मी?"

पोलिसाच्या काठीपुढेही पटकन न सुटलेला घोट देवरेंनी तिथे दगडावर थुंकून टाकला. "नही वं माय," ते म्हणाले, "सांग ना, ती बकरी कोन्ही व्हती?" तिथून माथ्यावरच्या परशुरामाच्या देवळापर्यंत ते बोलत होते. पायऱ्या उभ्या होत्या, वारा समोरून होता. आवाज एकदाही तुटला नाही. खालून मी ऐकत होतो.

म्हातारी त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेली. पोत्यात उरलेली वाळू देवरेंनी कडुलिंबाखाली ओतली. अजून ती तिथेच आहे.

देवरे अजूनही पहाटे पुलावर जातात. पाठीवर काही नसतं, तोंडात पाणीही नसतं. बोलत जातात, बोलत येतात. मध्ये त्या हवालदारानं मला थांबवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "साहेब, आ कोनी साथे वात करे छे?"

मी म्हटलं, "कोणाशी नाही. दम तपासतात."