विषय : नाव वाळूत रुतत असल्याबाबत

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार निवारण कक्षात तक्रारीचे निवारण होत नसे, तिची पोच दिली जात असे. नळाला पाणी येत नाही असे कोणी लिहून आणले की त्याला शिक्का मारलेली पोच मिळे. पाणी फार येते असे लिहिले तरी तीच पोच मिळे. कक्षाचे प्रमुख ती दोन्ही हातांनी, इतक्या आदराने देत की घेणाऱ्याला क्षणभर आपले काम झाल्यासारखेच वाटे. त्यामुळे सगळे त्यांना पोचराव म्हणत, आणि पुढे पुढे तेही फोन उचलून "पोचराव बोलतोय" असेच सांगू लागले.

तक्रारीबद्दल त्यांचा एक सिद्धान्त होता. तक्रार ही करण्यासाठी असते. ती केली की माणूस मोकळा होतो, त्याला शांत झोप लागते आणि सकाळी तो नव्या उमेदीने नळाखाली बादली लावतो. ती कोणी खरोखरच दूर केली तर त्या बिचाऱ्याने पुढे जगायचे कशाच्या जोरावर? नव्याने रुजू झालेल्या लिपिक बाईंना त्यांनी हे पहिल्याच दिवशी समजावून सांगितले. बाईंनी मान डोलावली, कारण त्यांची नोकरी अजून कायम व्हायची होती.

असे हे पोचराव संध्याकाळी घरी येत, गॅसवर काहीतरी चढवत आणि मोबाइलवर 'चला पलीकडे' नावाचा खेळ उघडत. खेळ अगदी बाळबोध होता. एक नदी, एक नाव, दोन खेळाडू. या काठावरच्या कोंबड्या, ट्रंका, कपाटे आणि चिडखोर म्हातारे नावेत घालायचे आणि पलीकडे नेऊन सोडायचे. पोचरावांची जोडीदार म्हणजे दुसऱ्या शहरात मुलाकडे राहणारी त्यांची थोरली बहीण, ताई. नदीच्या मधोमध वाळूचा उंचवटा होता आणि दर खेपेला नाव त्याच्यावर रुतायचीच. खेळ बनवणाऱ्यांची ती सरळसरळ चूक होती. मग दोघांनी पाण्यात उतरायचे आणि एका अंगठ्याने बटण दाबत नाव ढकलत बसायचे. तोवर कोंबड्या गोंधळ घालत, म्हातारे शिव्या देत, आणि दुसरा अंगठा रिकामाच असल्यामुळे ही भावंडे खालच्या चौकटीत एकमेकांना लिहीत.

या घराण्याची एक खोड इथे सांगायलाच हवी. या घरात समोरासमोर बसून कोणी कोणाशी कधी बोलले नाही. लहानपणी दोघे चादरीची टोके धरून घड्या घालत, तेव्हा काय ते बोलणे होई. घडी झाली की विषय संपला. हात गुंतल्याशिवाय यांची जीभ सुटतच नसे. फोनवर "जेवलास का?", "जेवलो, तू?", "हो" एवढे झाले की दोघेही दमत. शिवाय ताईचा फोन वाजला की सून नेमकी त्याच खोलीत काहीतरी शोधायला येई. संदेशांमध्ये ताई फुले पाठवी आणि पोचराव जोडलेले हात पाठवत, म्हणजे तिथेही पोचच. पण नाव रुतली की ताई भडाभडा लिही. कपाटाची किल्ली सुनेने कशी गोड बोलून काढून घेतली, गुडघा कसा ठणकतो, आणि गेलेल्या नवऱ्याचा आवाज हल्ली नीट आठवत नाही याची कशी भीती वाटते. सून म्हणे, "आई खेळतायत, खेळू दे." आणि पोचराव, ज्यांनी आयुष्यात कोणाला दोन ओळींपेक्षा लांब उत्तर दिले नव्हते, ते तिला पानभर लिहीत. दिवसभरात ते माणसासारखे वागत ते एवढा वेळच.

एका संध्याकाळी नाव जरा जास्तच रुतली. ताईने लिहिले, "एक ठरवतेय मी. पण तुला विचारल्याशिवाय नाही."

"विचार ना."

ताई लिहू लागली, पुसू लागली, पुन्हा लिहू लागली. इतक्यात स्वयंपाकघरातून जळका वास आला. पोचराव धावले. बटाट्यांचा कोळसा झाला होता. काळे पातेले हातात धरून ते परत आले तेव्हा नाव निघून पलीकडे लागली होती आणि खाली ताईचे शब्द होते, "जाऊ दे, उद्या सांगते."

पोचरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर खेळाच्या कोपऱ्यात 'आपले म्हणणे कळवा' असे लिहिलेले होते. हात सरावाचा. त्यांनी कळवले: "उपरोक्त विषयास अनुसरून निदर्शनास आणण्यात येते की, नाव वारंवार वाळूत रुतत असल्याने खेळाडूंचा अमूल्य वेळ वाया जात आहे. तरी उचित कार्यवाही व्हावी." उन्हाळ्याला शिव्या देणारा माणूस ऊन उतरेल म्हणून देत नाही. पोचरावांनीही तक्रार त्याच भावनेने केली, मन हलके झाले आणि ते पातेले घासायला बसले.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात बसले असताना मोबाइल वाजला. "प्रिय खेळाडू, आपली तक्रार दूर करण्यात आली आहे."

पोचरावांनी चष्मा पुसून पुन्हा वाचले. "बाई, हे बघा. दूर केली म्हणे!"

"चांगलंच झालं की सर," लिपिक बाई म्हणाल्या.

"चांगलं? अहो, पोच नाही, चौकशी नाही, वरिष्ठांचा अभिप्राय नाही, एकदम दूर? ही काय पद्धत झाली? आज ते दूर करतायत, उद्या लोक आपल्या दारात येऊन हेच मागतील."

संध्याकाळी दोघे नावेत बसले. वाळूचा उंचवटा नाहीसा झाला होता. ताईने "अरे, काल मी म्हणत हो" एवढे लिहिले आणि नाव पलीकडच्या काठाला लागली. फटाके उडाले, 'शाब्बास!' असे झळकले आणि कोंबड्यांचा पुढचा पिंजरा आपोआप नावेत चढला. दुसऱ्या खेपेला "ते म्हणजे अस" एवढे झाले. तिसऱ्या खेपेला ताईने काही लिहिलेच नाही.

पोचरावांनी पुन्हा 'आपले म्हणणे कळवा' उघडले. त्यांनी पुन्हा कळवले की नाव फार लवकर पोहोचत असल्याने लिहिणे पुरे होत नाही. कंपनीने हेही मनावर घेतले. लिहिणे पुरे होत नाही याचा अर्थ लिहायला फार वेळ लागतो, असा निष्कर्ष तिच्या तज्ज्ञांनी काढला. लिहिण्याची चौकट काढून टाकण्यात आली आणि तिच्या जागी चार तयार वाक्ये आली: 'छान!', 'चला, चला!', 'दमलात का?' आणि 'नंतर बघू!' ही वाक्ये कंपनीने मनाने रचलेली नव्हती. लाखो खेळाडूंनी एकमेकांना काय काय लिहिले ते चाळून, सर्वांत जास्त वेळा आलेली तेवढी निवडली होती.

त्या संध्याकाळी ताईने 'दमलात का?' दाबले. पोचरावांनी 'छान!' दाबले. मग दोघांनीही मोबाइल खाली ठेवले.

खरे तर इथे पोचरावांनी गप्प बसायला हवे होते. पण ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या तक्रारी घेतल्या त्याला स्वतःच्या तक्रारीची एकदा गोडी लागली की आवरत नाही. त्यांनी लिहिले, या सगळ्यामुळे खेळण्यात मन लागत नाही. कंपनीला वाईट वाटले. ज्या कामात मन लागत नाही ते खेळाडूला करायला लावणे तिला प्रशस्त वाटेना. तिने नाव आपोआप चालण्याची सोय केली. आता पोचराव फायली उपसत असताना आणि ताई नातवंडांचे कपडे वाळत घालत असताना त्यांची नाव अहोरात्र कोंबड्या वाहू लागली. महिनाअखेर 'सर्वोत्कृष्ट भावंडे' म्हणून दोघांचे चित्र झळकले. कार्यालयात पोचरावांना गुलाबाचे फूल मिळाले. साहेब म्हणाले, "हल्ली सख्खी भावंडं तोंड बघत नाहीत एकमेकांचं. तुमचं बघून बरं वाटतं." पोचरावांनी फुलाची पोच दिली.

या अवधीत त्यांनी ताईला फोन केला नाही असे नाही. केला. सून जवळपासच वावरत होती. ताई म्हणाली, "सगळं ठीक आहे. जेवलास का?"

पुढे खेळाडूंची गळती सुरू झाली, आणि लोकांना जुन्या गोष्टी आवडतात असा शोध कंपनीला लागला. तिने 'जुनी मजा' नावाची खास सोय आणली. गादीची एक लांबलचक जाहिरात शेवटपर्यंत पाहिली की नाव थोडा वेळ वाळूत रुते. कोपऱ्यात उलटे घड्याळ चाले. लिहायची चौकटही मिळे, मात्र फक्त दोघांतल्या वयाने ज्येष्ठ खेळाडूला. दुसऱ्याने तयार वाक्यांवर भागवायचे.

पोचरावांनी जाहिरात डोळ्यांत तेल घालून पाहिली. नाव रुतली. जुन्या सवयीने दोघांचे अंगठे बटणावर गेले, आणि या खेपेला ताईने काही पुसले नाही, एका दमात लिहिले.

"इथे माझी अडचण होते रे. कोणी बोलत नाही तसं, पण कळतं. तुझी मागची खोली रिकामी आहे. राहायला येऊ का तुझ्याकडे? कायमची?"

पोचरावांचे डोळे भरून आले. ती खोली त्यांना खायला उठत असे, हे त्यांनी कोणालाच सांगितलेले नव्हते. त्यांना 'ये' म्हणायचे होते, 'आजच ये' म्हणायचे होते. समोर चार वाक्ये होती. त्यांनी 'छान!'कडे बोट नेले आणि थबकले. बहीण आपली अडचण सांगते आहे आणि उत्तरादाखल 'छान!'? ते बरे दिसेल का? 'चला, चला!' जवळचे वाटत होते, पण त्यात उतावळेपणा होता, आणि उद्या सून म्हणायची की भावानेच फितवले. शब्दाने कुठे अडकू नये, हे ते आयुष्यभर पाहत आले होते. ते विचार करत राहिले. घड्याळ शून्यावर आले. वेळेत उत्तर न देणाऱ्या खेळाडूची गैरसोय होऊ नये म्हणून सर्वांच्या सर्वांत आवडीचे वाक्य त्याच्या वतीने पाठवायचे, अशीही सुधारणा मधल्या काळात झाली होती.

ताईच्या प्रश्नाखाली पोचरावांच्या नावाने उमटले, 'नंतर बघू!'

नाव पलीकडे लागली. फटाके उडाले.

पोचरावांनी तडक फोन लावला. ताईने लगेच उचलला.

"ताई, अगं ते मी—"

"अरे, कळलं मला. बरोबर आहे तुझं. एवढं घाईघाईने ठरवायची गोष्ट नाही. मी आपलं सहज विचारलं."

ताईच्या मागे मिक्सर चालू होता. तो थांबला. इथे घड्याळ नव्हते, तयार वाक्ये नव्हती, कोणी कंपनी मध्ये नव्हती. एका अक्षराचे काम होते.

"ताई."

"काय रे?"

"नाही, काही नाही."

"बरं. जेवलास का?"

"जेवलो," पोचराव म्हणाले. ते जेवले नव्हते.

"मग ठेवते."

फोन बंद झाल्यावर पडद्यावर विचारणा झाली: संभाषणाचा दर्जा कसा होता? आवाज नीट ऐकू आला का? पोचरावांनी चष्मा पुसून तो प्रश्न पुन्हा वाचला. शेवटी त्यांनी पाचही तारे दिले. खोटे कशाला बोला, आवाज अगदी स्वच्छ ऐकू आला होता. तुम्हीही परवा घरी फोन करून पाचच दिलेत ना?