दातवण आणि सोन्याची मेख

"तोंड उघड," सुलोचनाबाई म्हणाल्या, "आणि जीभ आत घे."

लीलाने तोंड अधिकच मिटलं. साताऱ्याची मंडळी घटकाभरात तिला पाहायला येणार होती, आणि आईच्या बोटावर दातवणाची काळीकुट्ट पूड होती.

"आई, कॉलेजात काय सोचतील? शाई प्यायली म्हणतील."

"कॉलेज येतंय का तुला पाहायला? दक्षिणेतली, आपल्या मुलुखाची माणसं ती. पांढरे दात पाहिले तर म्हणतील, ग्वाल्हेरीत राहून पोरगी बाटली."

हा मुलूख घराण्याने पाच पिढ्यांमागे फौजेबरोबर सोडला होता. सुलोचनाबाईंनी तो कधी पाहिलाही नव्हता. पण तिथली एकेक रीत त्यांनी लोणच्यासारखी मुरवून ठेवली होती. त्यांचे स्वतःचे दात पिकल्या जांभळासारखे, आणि सासूबाई भाळल्या त्या त्याच दातांवर. शिवाय आता थांबायला सवड नव्हती. मध्यभारत राज्य मोडून राजधानी भोपाळला गेली होती, लीलाच्या वडिलांची, जयसिंहरावांची, कचेरीही निघाली होती, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या त्या घरात ट्रंका बांधून तयार होत्या. परक्या भोपाळात मराठ्याचं स्थळ कुठे शोधणार?

लीलाने कोनाड्यातल्या फोटोकडे पाहिलं. कान्होजी, ओव्हरसीअर. ओठ मिटून हसू दाबणारा. तो तिला फार आवडला होता. तिने मुकाट्याने तोंड उघडलं, आणि आईच्या बोटाबरोबर ओवी फिरू लागली:

"लेकीला दातवण, जशी जांभळं पानात,
हसू सांडलं ओसरी, गेलं सासूच्या मनात."

टांगा थांबला. आधी कान्होजीची आत्या विजयाबाई उतरल्या, मागून कान्होजी. त्याने वाकून नमस्कार केला, तोंड भरून हसला, आणि समोरच्या दातात सोन्याची मेख लखकन चमकली. आशीर्वादाला उचललेला हात सुलोचनाबाईंनी पदराकडे वळवला.

लीला चहा घेऊन आली. विजयाबाईंनी नाव विचारलं. ओठ न उघडता "मम्" असं काहीसं ऐकू आलं.

"पोरगी बोलत नाही का हो?" विजयाबाईंनी जयसिंहरावांना हळूच विचारलं.

"बोलते की. रोज माझं डोकं खाते."

"लीला, हस गं," सुलोचनाबाई अभिमानाने म्हणाल्या.

लीला हसली. विजयाबाईंच्या हातातला चहा बशीत आला.

"अगं बाई, हिरड्या सडल्यात की काय? कुणा वैद्याला दाखवलंत?"

"वैद्य कशाला? दातवण आहे ते. तुमच्याकडची रीत."

"आमच्याकडची? माझ्या आजीबरोबर गेलं हो ते! आता साताऱ्यात पोरी टूथपेस्ट लावतात."

सुलोचनाबाईंच्या पायाखालचा अख्खा मुलूख सरकला. पण त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"आणि तुमच्या भाच्याच्या दातात हे काय?"

"तुमच्यासाठीच! लहानपणी मी इथे एका लग्नाला आले होते, तर दातादातांत सोनं. म्हटलं, सरदारांच्या गावात पोराला रिकाम्या दाताने कसं न्यायचं?"

"त्या बायका होत्या, विजयाबाई. इकडे हा बायकांचा दागिना."

कान्होजीने फटकन तोंड मिटलं. जयसिंहरावांनी घाईघाईने तीळगुळाच्या कडक गजकेची बशी पुढे केली. "घ्या हो. खास मुरैन्याची आहे."

बिचाऱ्या कान्होजीने मान खाली घालून गजक चावली. विजयाबाई मात्र पदर सावरून उठल्या. "चल कान्होजी. संध्याकाळची गाडी मिळेल."

कान्होजी उठेना. त्याने तोंडावर हात धरला होता.

"आत्या, मेख निघाली."

"मग दे इकडे."

"गिळली."

पुढे घरात जी धावपळ उडाली, ती बांधलेल्या ट्रंकांनीही कधी पाहिली नसेल. जयसिंहराव महाराज बाड्याच्या चौकातून डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, केळी द्या, भात द्या, आणि मेख बाहेर पडेपर्यंत प्रवास बिलकुल बंद. विजयाबाईंनी कपाळाला हात लावला आणि वळकटी सोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुलोचनाबाई केळ्यांची ताटली घेऊन गच्चीच्या जिन्यात आल्या आणि थबकल्या. वर लीला विचारत होती, "पोटात टोचते का हो?"

"नाही."

"सच बोला."

कान्होजीने इकडेतिकडे पाहिलं आणि मूठ उघडली. तळहातावर मेख होती. "गाडी संध्याकाळची होती," तो म्हणाला, "आणि तुम्ही एकदाच हसला होतात."

लीला काळ्याभोर दातांनी खळखळून हसली. तो पाहतच राहिला.

सुलोचनाबाई पाय न वाजवता खाली उतरल्या. विजयाबाई जिन्याच्या तोंडाशीच उभ्या होत्या.

"काय म्हणतोय? काही बरंवाईट?"

"तब्येत नाजूक आहे," सुलोचनाबाई गंभीरपणे म्हणाल्या आणि केळ्यांची ताटली त्यांच्या हातात दिली. "अजून चार दिवस तरी हलवता येणार नाही, विहीणबाई. तुम्हीच खा."