हिची वाकडी बाग

घरामागची बाग सरळ करायचं माझ्या मनात लग्नापासून होतं. ही करू देत नव्हती. यंदाच्या उन्हाळ्यात हिची वाचा गेली, तेव्हा मी दोरी बाहेर काढली.

(वाचून वाईट वाटलं असेल. मलाही लिहिताना बरं वाटत नाही. पण झालं ते असं झालं.)

मी फरशा बसवायचो. आयुष्यभर तेच केलं. दोन फरशांमधला सांधा केसभर चुकला तर मालकाला दिसत नाही, पण मला जेवण जात नाही. आणि अशा माणसाच्या घरामागे हिची बाग. टोमॅटोत झेंडू, झेंडूत पुदिना, पुदिन्यातून मध्येच भोपळ्याचा वेल, तो कुठे निघालाय हे त्यालाही ठाऊक नाही. वाफ्यांच्या कडा कोणी दारू पिऊन आखल्यासारख्या. मी काही म्हणालो की ही म्हणायची, "झाडं आहेत ती. फरशा नाहीत." त्यापुढेही बरंच म्हणायची. आमच्या घरात बोलायचं काम हिचं होतं. ऐकायचं काम कोणाचंच नव्हतं.

मग एका सकाळी ही चहाचा कप उचलायला गेली आणि कप जागेवरच राहिला. उजवा हात गेला, पाय गेला, तोंड वाकडं झालं. दवाखान्यात डॉक्टर मेंदूतल्या रक्ताच्या गाठीबद्दल पुष्कळ बोलले. मला एवढंच कळलं की ही जगेल. पुढे हात बराचसा परत आला, पाय काठीच्या आधाराने चालायला लागला. बोलणं आलं नाही. ही तोंड उघडायची आणि नुसती हवा यायची, पाणी गेल्यावर नळातून येते तशी. मग डोळे भरायचे. मी दुसरीकडे बघायचो.

लेकीने उन्हाळ्यात आम्हा दोघांना थंड हवेच्या ठिकाणी न्यायचं ठरवलं होतं. ते रद्द झालं. तिची रजा दवाखान्यात संपली आणि ती नोकरीवर परत गेली. घरात आम्ही दोघं उरलो आणि हिची शिकवणी सुरू झाली.

बोलायला शिकवणाऱ्या एक बाई दवाखान्यातून यायच्या. वयाने माझ्या लेकीपेक्षा लहान, पण शिकवतात म्हणून मी त्यांना बाईच म्हणायचो. त्या मला म्हणाल्या, "काका, दिवसभर त्यांच्याशी बोलत राहायचं."

"काय बोलायचं?"

"काहीही. तुम्ही जे करताय ते सांगायचं."

"करताना दिसतंच की."

"तरी सांगायचं."

मी सांगायला लागलो. "मी आता चपला घालतो." "मी आता चपला काढतो." मधल्या वेळात सांगण्यासारखं काही सुचायचं नाही. दोन-चार दिवसांत असं झालं की माझी चाहूल लागली की ही डोळे मिटून घ्यायची.

बाईंनी चित्रांची कार्डंही दिली होती. ती दाखवायची आणि हिच्याकडून नाव वदवून घ्यायचं. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, तेही मास्तर कंटाळेपर्यंत. शिकवायची एकच पद्धत मला माहीत. उत्तर आलं नाही की तोच प्रश्न जरा मोठ्याने विचारायचा. मांजराचं कार्ड धरून मी विचारलं, "हे काय आहे?" हवा आली. पुन्हा विचारलं. पुन्हा हवा. मी म्हणालो, "म्हण, मांजर." असं बराच वेळ चाललं. शेवटी भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "मांजर."

"तुला नाही विचारलं."

"कोणीतरी म्हणावं म्हणून म्हटलं, काका. सकाळपासून विचारताय."

त्या दिवशी मी कार्डं ठेवून दिली आणि बागेत गेलो. हिला खुर्चीत बसवली, ऊन खायला. समोर ती वाकडी बाग. अडवायला कोणी नव्हतं. मी दोन खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, आणि पहिला टोमॅटो उपटून रेषेत लावायला घेतला.

मागून आवाज आला.

"अहो, ठेवा ते. डोळे फुटलेत का तुमचे? मुळं तोडलीत ना सगळी."

मी वळून बघितलं. बागेत आमच्याशिवाय कोणी नव्हतं. हिने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला होता आणि माझ्याइतकीच घाबरली होती. मी टोमॅटो तसाच टाकून तिच्यापाशी गेलो. "पुन्हा बोल," म्हणालो. तिने तोंड उघडलं. हवा.

बाई आल्यावर त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, असं होतं. शब्द आठवून आठवून बोलायला गेलं की अडतात, पण राग आला की कधीकधी आपसूक बाहेर पडतात.

मी विचारलं, "मग रोज राग आणला तर?"

बाई हसल्या. मी त्या हसण्याचा अर्थ 'आणा' असा घेतला. (त्या थट्टा समजून हसल्या होत्या, हे मला पुढे कळलं. मी थट्टा करत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.)

दुसऱ्या दिवसापासून मी शिकवणी बागेत भरवली. सकाळी हिला खुर्चीत बसवायची. आधी दंडाला प्रेशरचं मशीन लावायचं, कारण डॉक्टरांनी बजावलं होतं की प्रेशर चढू द्यायचं नाही. आकडा बरा असला तर दोरी ताणायची आणि तिच्या डोळ्यांदेखत एक झाड उपटायचं. आकडा वाईट असला तर त्या दिवशी बागेला सुट्टी. झेंडू उपटला तेव्हा "मेल्या हातांचे" मिळालं. पुदिन्याला "अक्कल गहाण टाकलीत का" एवढं पूर्ण वाक्य आलं. भोपळ्याचा वेल मी भिंतीला समांतर वळवला, त्या दिवशी माझ्या आईचाही उद्धार झाला. आई जाऊन वर्षं झाली, पण इतक्या स्पष्ट शब्दांत तिची आठवण कोणी काढली नव्हती.

बाग सरळ होत होती आणि बायको बोलत होती. मला आयुष्यात एवढं यश एका वेळी कधी मिळालं नव्हतं.

एकदा धडा संपवून मी हात धूत होतो. ही मागून म्हणाली, "पाणी."

तिला राग आला नव्हता. तिला तहान लागली होती. मी पेला दिला, मग पुन्हा नळापाशी गेलो आणि हात धुतलेले असताना परत धुतले.

पण भिंतीपलीकडून हे सगळं वेगळं दिसत असणार. शेजारणीने हिच्या थोरल्या बहिणीला फोन केला. म्हातारा रोज सकाळी आजारी बायकोला खुर्चीत बसवतो आणि तिच्यासमोर तिची झाडं उपटतो, असं सांगितलं. खोटं त्यात काही नव्हतं.

थोरलीने एक नवरा, दोन दीर आणि एक जावई सरळ केले आहेत. ती माझ्या साडूला गाडी चालवायला बसवून, वाटेत माझ्या लेकीला घेऊन, न कळवता आली. आली ती नेमकी शिकवणीच्या वेळेला. हिच्या दंडाला मशीन होतं, माझ्या हातात वांग्याचं झाड होतं. माणसं बघून ही एकदम गप्प झाली.

"भावजी, हे काय चाललंय?"

"शिकवणी."

"कसली?"

"बोलण्याची."

"मग झाडं का उपटताय?"

"माझ्या घरात मी काय करतो ते मला विचारायचं नाही."

(इथे दोन वाक्यं जास्त बोललो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. पण सबंध उन्हाळा चपला घालतो आणि काढतो हे सांगून माझं बोलणं संपलं होतं. आणि खुलासा मागणाऱ्याला मी खुलासा देत नाही. मालकांनाही दिला नाही.)

लेक म्हणाली, "बाबा, खरं सांगा. तुम्ही रोज करता हे?"

"रोज नाही. प्रेशर वाढलेलं असलं तर नाही करत."

साडू म्हणाला, "म्हणजे मोजून छळता."

मी वांग्याचं झाड खाली ठेवलं. लेक आईच्या पायाशी बसली आणि तिच्या दंडाचं मशीन सोडायला लागली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. थोरली घरात गेली, हिचे कपडे पिशवीत भरून बाहेर आली. मी पाहत राहिलो. पिशवी भरली ती इतकी वाकडीतिकडी की दुसरी कुठली वेळ असती तर मी बोललो असतो.

"मी हिला घेऊन जाते," थोरली म्हणाली. "माझ्याकडे माणसं आहेत. बोलणं जमेल तेव्हा जमेल, निदान सुखाने राहील."

"तिला विचारा," मी म्हणालो.

"तिला काय विचारायचं? तिला बोलता येत नाही."

"तरी विचारा."

थोरलीने हिच्यापुढे वाकून हळू आवाजात विचारलं, "येतेस ना माझ्याकडे?"

हिचे ओठ हलले. हवा आली. पुन्हा हलले. मानेच्या शिरा ताणल्या, डोळे भरले. मानही नीट हलेना, होकार की नकार ते कळेना. थोरली म्हणाली, "बघा, येते म्हणतेय." लेक म्हणाली, "मावशी, थांब जरा." ही माझ्याकडे बघत होती.

ती काय म्हणू पाहतेय ते मलाही कळत नव्हतं. येते म्हणत असेल, तर मला त्यात नवल वाटलं नसतं. उन्हाळाभर मी तिला दिलं काय होतं? पण जे असेल ते तिने तोंडाने म्हणायला हवं होतं. दुसऱ्यांनी अंदाज बांधून तिला गाडीत बसवावं, हे मला बघवणार नव्हतं. मग घरात मी राहीन आणि सरळ रेषेतले टोमॅटो राहतील.

बागेत एक गुलाब होता. हिने माहेरून फांदी आणून लावलेला. ऐन वाटेत, सगळ्यात वाकडा. त्याला मी कधी हात लावला नव्हता. शिकवणीतही नाही.

मी फावडं उचललं, गुलाबापाशी गेलो आणि बुडात घातलं.

थोरली ओरडली, "भावजी, आईचा गुलाब आहे तो." साडू मला धरायला धावला आणि दोरीत पाय अडकून भोपळ्यात पडला. मी दुसऱ्यांदा फावडं उचललं. खरं सांगतो, हिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. आता आवाज आला नाही तर गुलाबही गेला आणि हीही गेली.

"फावडं खाली ठेवा."

ही काठी टेकून उभी राहिली होती.

"खाली ठेवा म्हणते ना. एक मूळ तुटलं तर हीच काठी घालीन डोक्यात. जन्मभर फरशा चोपल्यात, आता माझी झाडं चोपताय. म्हातारपणी अक्कल येते म्हणतात लोक, तुमच्या वाटेला नुसतं म्हातारपण आलं."

मी फावडं खाली ठेवलं. साडू भोपळ्यातच बसून राहिला.

थोरली म्हणाली, "अगं, तू बोललीस."

हिचा राग अजून उतरला नव्हता. तो उतरायच्या आत तिने तो बहिणीकडे वळवला. "मी येत नाही. हे घर माझं आहे."

लेक पायरीवर बसून रडायला लागली. माझी मान ताठ झाली. मी थोरलीकडे बघितलं. मशीन, दोरी, वांगं, सगळ्याचा खुलासा एका वाक्यात झाला होता आणि तो मला द्यावा लागला नव्हता. मी मिशीला हात लावला.

तेवढ्यात ही काठीने माझ्याकडे दाखवून बहिणीला म्हणाली, "ह्यांना न्या."

साडू हसला. थोरली हसली नाही. तिने हिशोबाने विचारलं, "किती दिवस?"

ही थोडा वेळ थांबली. शब्द शोधला. सापडला.

"पुष्कळ."

हे शेवटचं ती अजिबात न चिडता म्हणाली. शिकवणाऱ्या बाई तिथे असत्या तर त्यांना फार आनंद झाला असता.

तेव्हापासून मी थोरलीकडे आहे. हे तिथूनच लिहितोय. लेकीने आणखी रजा घेतली आणि ती आईजवळ राहिलीय. गुलाब जगला. हिचा रोज संध्याकाळी फोन येतो. अडखळत बोलते, पण बोलते. टोमॅटो तिने लेकीकडून पुन्हा हवे तिथे लावून घेतले, भोपळा भिंत चढून शेजारणीकडे गेला, हे सगळं तिने सांगितलं. मी ऐकतो. इथे मला दुसरं काम नाही.

काल मी धीर करून विचारलं, "मी परत कधी येऊ?"

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग फोन बंद झाला. शब्द सापडत नसेल अजून, असं मी साडूला सांगितलं.

साडू म्हणाला, "मागच्या खोलीतलं कपाट रिकामं केलंय तुमच्यासाठी."