चढणाऱ्याला आधी वाट

डोंगरातल्या सायकलवाटेचे नियम आपल्याला तोंडपाठ आहेत, असं सिग्नल इंजिनिअरने सकाळपासून बायकोला तीनदा ऐकवलं होतं. चढणाऱ्याला आधी वाट, उतरणाऱ्याने थांबायचं. यात चुकण्यासारखं आहे काय? बायको म्हणाली, मग हेल्मेट उलटं का घातलंय?

धास्ती नियमांची नव्हतीच, मोठ्या मॅडमची होती. त्या वाहतूक खात्याच्या प्रमुख. चौक विभागातली त्याची तात्पुरती नेमणूक उद्या संपत होती, आणि त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे मॅडमच्या हातात होतं. ऑफिसची ही सायकल सहल काढलीही त्यांनीच.

अर्धा चढ त्याने धापा टाकत कसाबसा कापला, आणि नेमक्या अरुंद वळणावर वरून मॅडम आल्या. त्यांनी नियमाप्रमाणे ब्रेक दाबला, कडेला पाय टेकला आणि हाताने ‘या’ अशी खूण केली.

नियम आपल्या बाजूचा म्हणून काय साक्षात मॅडमना झुडपात उभं करायचं? तोही थांबला.

“आधी तुम्ही, मॅडम.”

“अहो, तुम्ही चढताय. तुमचा हक्क आहे.”

“माझं काय, मी सावकाश चढेन.”

मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या, तसा तो घाईघाईने निघाला. पण चढावर एकदा थांबलेली सायकल पुन्हा निघते थोडीच! ती मागे घसरली ती थेट नकाशे काढणाऱ्या बाईंवर, आणि त्या त्यांच्या मागच्या कारकुनावर. वरून उतरणारे मॅडमच्या मागे अडकले. वाट द्यायची म्हणून इंजिनिअर उजवीकडे सरकला. त्याला वाट द्यायची म्हणून मॅडमही त्याच बाजूला सरकल्या. दोघांची हँडलं एकमेकांत अशी गुंतली की सुटता सुटेनात. आता आपली नोकरी गेली, हे त्याला स्वच्छ दिसू लागलं.

एवढ्यात फिरायला आलेल्या एक आजी काठी टेकत वर आल्या. वर अकरा, खाली दहा, सगळे ठप्प. त्यांनी मॅडमना कळवळून विचारलं, “तुमच्यात वाहतुकीतलं कळणारं कुणी नाही का गं?”

एकवीस माणसं आपापल्या बुटांकडे बघत राहिली.

हँडलं सुटायला पाऊण तास लागला. परतताना मॅडमनी त्याला बोलावून घेतलं.

“उद्या या. कायमच्या नेमणुकीवर सही करते.”

त्याला रडूच फुटायचं बाकी होतं. चौक विभाग आपण कसा सुधारणार, हे तो सांगू लागला, तर मॅडमनी हातानेच थांबवलं.

“चौकात नाही, पार्किंगमध्ये. तिथे कुणाला पुढे जायचं नसतं.”