नानांचा मावसभाऊ

वरचा फ्लॅट भाड्यानं द्यायचा म्हणून नानांनी फाटकावर पाटी लावली खरी. पण दारात उभ्या राहिलेल्या बाईनं आडनाव सांगितलं आणि नानांच्या कपाळावर आठी चढली. त्या आडनावाचं गल्लीत एकही घर नव्हतं. त्यातून बाई बस चालवणारी, सोबत फक्त म्हातारी आई.

"फ्लॅट गेला हो," नाना म्हणाले.

"पाटी तर अजून आहे."

"आत्ताच गेला. मावसभावाला दिला."

"अहो, पण तुम्हाला मावशी कुठंय?" आतून बायकोनं विचारलं.

"मानलेली!" नाना ओरडले.

बाई जागची हलली नाही. "माझं आडनाव ऐकलं की घरं अशीच जातात. वर्षभर आईला घेऊन वणवण करतेय. असं घर नाकारणं कायद्यात बसत नाही, काका. भाऊ खरा असेल तर दाखवा, मी निघते. नसेल तर तक्रार करते."

नानांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात वरचा नळ दुरुस्त करून प्लंबर पाना पुसत जिना उतरला.

"हा काय, आलाच!" नानांनी त्याला मिठीच मारली आणि कानात पुटपुटले, "माझा मावसभाऊ हो. पटकन!"

प्लंबर क्षणभर चक्रावला, मग खुलला. "मी थोरला बरं का! हा नाना लहानपणी फार रडका. शेंबूड मीच पुसायचो."

"पुरे," नाना म्हणाले.

"घर आवडलं का तुम्हाला?" बाईनं विचारलं.

"झकास! उजेड काय, वारा काय! नळ तर विचारूच नका."

पायरीवर टेकलेल्या आजी, म्हणजे बाईच्या आई, हे ऐकत होत्या. त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "चल गं, दुसरं बघू. बाबा, तू राहा हो सुखानं."

तो आशीर्वाद ऐकून प्लंबरनं हातातला पाना खाली ठेवला. "आजी, थांबा. नाना, मी नाही राहत इथं. घर यांना दे."

"अरे, पण—"

"मी तुझा भाऊ ना?"

नाना पेचात पडले. हो म्हणावं तर फ्लॅट जातो, नाही म्हणावं तर तक्रार येते.

बायको किल्ली घेऊन बाहेर आली. "भावजींचा शब्द कसा मोडायचा?" म्हणत तिनं ती आजींच्या हातावर ठेवलीसुद्धा.

नव्या घरात आजींनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. थोरला म्हणून प्लंबरला खुर्ची मिळाली, नानांच्या वाट्याला स्टूल आलं. शेजारचे मास्तर नानांच्या कानाशी लागले, "असल्यांना घर कसं दिलंत हो?"

"असल्यांना म्हणजे?" नाना एवढ्या जोरात कडाडले की पंगत थांबली. "आमच्या दादानं शब्द दिलाय!"

"शाब्बास," खुर्चीतून आवाज आला. "आता आजींना पाणी वाढ बघू, धाकट्या."

नाना तांब्या घेऊन मुकाट्यानं उठले.